चाचणी ताजी, फाइल शिळी

पाचगणीच्या बाजारात स्ट्रॉबेरी जॅमची बाटली घेतली, तर तिच्यावर उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. ही ओळ आपल्यापैकी फारसे कोणी वाचत नाही. पण समजा, जॅम फार गोड होतो अशी तक्रार आली आणि कारखान्यात कृतीच्या कागदावर साखरेचे प्रमाण कमी करण्यात आले. कागद सुधारला, गोदामातल्या बाटल्यांतली साखर मात्र होती तेवढीच राहिली. दुसऱ्या दिवशी कोणी गोदामातली बाटली उघडून चाखली आणि 'कृती बदलूनही जॅम गोडच आहे' असा निकाल दिला, तर आपण त्याला पहिला प्रश्न विचारू, 'बाटली कोणत्या तारखेची?'

संगणकाच्या आज्ञावलीबाबत हाच प्रश्न पुष्कळदा विचारायचा राहून जातो. आज्ञावलीचीही दोन रूपे असतात. एक माणसाने लिहिलेले, वाचता येणारे मूळ लिखाण. दुसरे, कंपायलरने त्यापासून तयार केलेली अंकांची फाइल. संगणक चालवतो ती ही दुसरी फाइल; तिला बायनरी म्हणतात. आपण दुरुस्ती करतो ती मात्र पहिल्या रूपात. दुरुस्ती झाल्यावर बायनरी पुन्हा तयार केली नाही, तर पडद्यावर दिसणारे लिखाण ताजे आणि प्रत्यक्ष चालणारी फाइल शिळी अशी स्थिती होते. पायथनसारख्या भाषांत हे दोन टप्पे नजरेआड होतात खरे, पण सी, सी++ वगैरे भाषांत ते स्पष्ट वेगळे असतात, म्हणून आपण सी भाषेतलेच उदाहरण घेऊ.

गुणपत्रिकेचे उदाहरण

समजा, पाचगणीच्या एखाद्या निवासी शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्यांनी गुणपत्रिका छापणारी आज्ञावली लिहायला घेतली. काम वाटून घेतले. एकाने गुण वाचून स्मृतीत भरण्याचा भाग लिहिला, दुसऱ्याने बेरजेचा, तिसऱ्याने छपाईचा. प्रत्येकाची फाइल वेगळी. तिघांना लागणारी सामाईक माहिती एका चौथ्या फायलीत ठेवली. तिला हेडर फाइल म्हणतात. 'विषयांची संख्या ६' ही नोंद या हेडर फायलीत आहे. कंपायलर प्रत्येक भाग वाचताना हेडर फाइलही वाचतो आणि त्या भागाची एक स्वतंत्र ऑब्जेक्ट फाइल बनवतो. शेवटी लिंकर नावाचा प्रोग्रॅम सगळ्या ऑब्जेक्ट फायली जोडून चालणारी बायनरी तयार करतो.

पुढे सातवा विषय आला. हेडर फायलीत ६ च्या जागी ७ लिहिले. वाचन आणि छपाई या भागांत इतरही बदल केले होते, म्हणून ते पुन्हा कंपाइल केले. बेरजेच्या फायलीला कोणी हातच लावला नव्हता. तिची जुनी ऑब्जेक्ट फाइल तशीच वापरून जोडणी केली. लिंकरने तक्रार केली नाही, कारण तो नावे जुळतात की नाही एवढेच पाहतो. आत ६ आहे की ७, हे त्याला कळत नाही.

आता काय होईल ते कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक गुण ४ बाइटांत साठवला आहे असे धरू. वाचनाचा भाग प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ७ × ४ म्हणजे २८ बाइट भरतो. बेरजेचा भाग मात्र दर विद्यार्थ्याला २४ बाइटांचेच पाऊल टाकतो. पहिल्या विद्यार्थ्याचे पहिले सहा गुण त्याला बरोबर मिळतात, सातवा सुटतो. दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी तो जिथून वाचायला लागतो, तिथे पहिल्याचा सातवा गुण आहे. म्हणजे दुसऱ्याच्या बेरजेत पहिल्याचा एक आणि स्वतःचे पाच गुण येतात. तिसऱ्याच्या बेरजेत दुसऱ्याचे दोन आणि स्वतःचे चार. असे सरकत सरकत आठव्या विद्यार्थ्यापाशी पोचलो, की त्याच्या नावावर सातव्याचे पहिले सहा गुण जसेच्या तसे मिळवलेले असतात!

यातला धोका असा की एकही आकडा वेडावाकडा दिसत नाही. सगळे गुण शंभराच्या आतले, सगळ्या बेरजा पटण्याजोग्या. आज्ञावली मध्येच बंद पडत नाही की पडद्यावर इशारा उमटत नाही. तीन भाग वेगवेगळे तपासले तर तिन्ही बरोबर. आणि बेरीज चुकते असे लक्षात आल्यावर बेरजेचे लिखाण उघडून कितीही वेळा वाचले, तरी त्यात दोष सापडणार नाही, कारण त्यात तो नाहीच.

वेगवेगळे भाग एकत्र जोडून नीट चालतात का हे पाहण्याच्या तपासणीला एकत्रित चाचणी म्हणतात. ती नेमकी अशाच चुकांसाठी असते. पण चाचणीसाठी कोणते आकडे निवडले यावर बरेच अवलंबून असते. आपल्या विद्यार्थ्यांनी एकाच विद्यार्थ्याची माहिती भरली, आणि सातव्या विषयाची परीक्षा अजून व्हायची म्हणून तिथे शून्य लिहिले, तर शिळ्या बायनरीचेही उत्तर बरोबर येईल. त्याऐवजी पहिल्या विद्यार्थ्याला ११ ते १७, दुसऱ्याला २१ ते २७, याप्रमाणे आठव्याला ८१ ते ८७ असे गुण द्यावेत. मग पहिल्याची बेरीज ९८ ऐवजी ८१, दुसऱ्याची १६८ ऐवजी १३२ आणि आठव्याची ५८८ ऐवजी ४४१ येते. चूक लपत नाही, आणि आकड्यांवरून ती कशी सरकली हेही वाचता येते. आम्हांला असे मुद्दाम निवडलेले आकडे 'खऱ्या' माहितीपेक्षा अधिक उपयोगाचे वाटतात.

कामाची यादी संगणकाकडे

कोणता भाग पुन्हा कंपाइल करायचा हे माणसाने लक्षात ठेवायचे म्हटले की हा घोटाळा केव्हा तरी होणारच. म्हणून बांधणीच्या सगळ्या आज्ञा एका फायलीत क्रमाने लिहून ठेवतात. तिला बिल्ड स्क्रिप्ट म्हणतात. आपण बांधणीची यादी म्हणू. तीन फायली कंपाइल कर, जोड, चाचणी चालव, एवढे तीत लिहिले की दर वेळी तेच काम त्याच क्रमाने होते.

पण यादीतही एक खाच आहे, आणि शिळ्या फायलींचा बहुधा सर्वांत सामान्य प्रकार तिच्यातूनच निघतो. समजा, दुरुस्ती करताना एका ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला. कंपायलर चूक दाखवतो आणि नवी फाइल तयार करीत नाही. कालची फाइल मात्र जागच्या जागी असते. साधी यादी एक आज्ञा फसली म्हणून थांबत नाही. ती पुढच्या ओळीवर जाते. कालचीच फाइल जोडली जाते, कालचीच बायनरी चाचणीला बसते आणि उत्तीर्णही होते. पडद्यावर चुकीचा संदेश वर सरकून गेलेला असतो आणि तळाशी 'सर्व चाचण्या यशस्वी' हे शब्द झळकत असतात. विद्यार्थ्याला वाटते दुरुस्ती झाली. प्रत्यक्षात त्याची दुरुस्ती कंपायलरच्या पलीकडे गेलेलीच नसते.

याला दोन साधे उपाय आहेत. यादीच्या पहिल्याच ओळीत जुन्या ऑब्जेक्ट फायली आणि जुनी बायनरी पुसून टाकायची; मग बांधणी फसली तर चाचणीला चालवायला काही उरतच नाही. आणि एखादी आज्ञा फसताच यादी तिथेच थांबेल अशी सूचना द्यायची. लिनक्सच्या शेलमध्ये त्यासाठी यादीच्या डोक्यावर 'सेट' ही आज्ञा 'उणे ई' या खुणेसह लिहितात. दोन्ही मिळून दोन ओळींचे काम आहे.

प्रत्येक वेळी सगळेच नव्याने बांधले तर? शाळेतल्या चार फायलींच्या आज्ञावलीसाठी आमचा सल्ला तोच आहे. क्षणभराचे काम; त्यात हुशारी करू नये. पण लिनक्सच्या गाभ्यासारख्या दोन कोटींहून अधिक ओळींच्या लिखाणात एक ओळ बदलली म्हणून सगळे पुन्हा कंपाइल करणे परवडत नाही. तिथे जॅमच्या कारखान्यातलाच न्याय लावावा लागतो. स्ट्रॉबेरीचा गर बदलला तर स्ट्रॉबेरी जॅम आणि मिश्र फळांचा जॅम पुन्हा करायला हवा; आंब्याच्या जॅमला हात लावायचे कारण नाही. कोण कोणावर अवलंबून आहे याची नोंद असली की एवढे पुरते.

या नोंदीवर चालणारा 'मेक' नावाचा प्रोग्रॅम स्टुअर्ट फेल्डमन यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली लिहिला. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी वैतागून त्यांच्या खोलीत आले. चूक आधीच दुरुस्त झाली होती, पण ती फाइल कंपाइल करायची राहिली होती, आणि निर्दोष लिखाणात दोष शोधण्यात जॉन्सन यांची पूर्ण सकाळ गेली होती. हे जॉन्सन म्हणजे 'याक' या प्रसिद्ध साधनाचे कर्ते, नवशिके नव्हेत. त्या वैतागातून 'मेक' निघाले आणि २००३ साली त्यासाठी फेल्डमन यांना एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

'मेक'च्या यादीत प्रत्येक तयार फायलीसमोर ती कशाकशापासून बनते ते लिहायचे आणि खालच्या ओळीत ती बनवण्याची आज्ञा. आज्ञेची ओळ टॅब कळीनेच सुरू व्हावी लागते. रिकाम्या जागा चालत नाहीत. हा नियम आजही विद्यार्थ्यांना छळतो. तो गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले होते, पण तोवर सुमारे डझनभर लोक 'मेक' वापरू लागले होते आणि त्यांच्या याद्या मोडायला नकोत म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला!

आपल्या उदाहरणात बेरजेच्या ऑब्जेक्ट फायलीसमोर बेरजेचे लिखाण आणि हेडर फाइल अशी दोन्ही नावे हवीत. हेडरचे नाव लिहायचे राहिले तर 'मेक' वापरूनही आठव्याला सातव्याचे गुण मिळतील. सुदैवाने जीसीसी हा कंपायलर, विनंती केल्यास, कोणता भाग कोणत्या हेडर फायली वाचतो याची यादी स्वतःच तयार करून देतो. हाताने लिहिलेल्या यादीपेक्षा ती केव्हाही विश्वासाची.

घड्याळाचा प्रश्न

तयार फाइल शिळी झाली हे 'मेक' कसे ओळखते? केवळ तारीख आणि वेळ पाहून. मूळ फायलीची वेळ तयार फायलीच्या वेळेनंतरची असेल तर पुन्हा बांधायचे, नाहीतर नाही. म्हणजे सगळा भार संगणकाच्या घड्याळावर.

शाळांतल्या जुन्या संगणकांत नाण्याएवढी एक बॅटरी असते. तिच्यावर हे घड्याळ वीज नसतानाही चालू राहते. ती संपली आणि पावसाळ्यात वीज गेली, की वीज आल्यावर जुन्या यंत्राचे घड्याळ कित्येकदा १ जानेवारी १९८० पासून सुरू होते. इंटरनेट जोडलेले असेल तर वेळ आपोआप दुरुस्त होते. नसेल तर आज सुधारलेल्या फायलीवर १९८० ची तारीख पडते. मागच्या आठवड्यात बांधलेली ऑब्जेक्ट फाइल 'मेक'ला तिच्यापेक्षा नवी दिसते आणि ते सांगते, सगळे ताजे आहे, करण्यासारखे काही नाही.

घड्याळ बरोबर असूनही फसगत होऊ शकते. एका विद्यार्थ्याने रविवारी रात्री वाईला घरी बसून बेरजेची फाइल सुधारली. सोमवारी सकाळी त्याच्या मित्राने शाळेत जुन्या लिखाणावरून सगळे बांधले. दुपारी पहिल्याने पेन ड्राइव्हवरून आपली फाइल शाळेच्या संगणकावर उतरवली. विंडोजमध्ये नक्कल करताना फायलीच्या बदलाची मूळ वेळ टिकून राहते, म्हणजे रविवार रात्र. ऑब्जेक्ट फाइल सोमवार सकाळची. 'मेक'च्या हिशेबाने पुन्हा बांधायचे कारणच नाही.

म्हणून नंतरच्या काही साधनांनी, उदाहरणार्थ गूगलने २०१५ साली खुल्या केलेल्या 'बेझल'ने, वेळेऐवजी मजकुराचा ठसा वापरायला सुरुवात केली. फायलीतल्या सगळ्या बाइटांवर ठरावीक गणिती क्रिया करून एक लांबलचक संख्या काढतात. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ती पूर्ण वेगळी येते. ठसा बदलला तर बांधायचे. मग घड्याळात काय वाजले आहे याला महत्त्व उरत नाही.

प्रयोगशाळेबाहेर

आतापर्यंत आपण एकाच संगणकावरच्या शिळ्या फायली पाहिल्या. पण ताजी बायनरी तयार होऊन एका ठिकाणी असावी आणि जिथे ती चालायची त्या यंत्रावर जुनीच असावी, असेही घडते. तेव्हा किंमत एका सकाळीवर भागत नाही.

१९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत असे. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत संपत नाही. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश संपत नाही तसेच. २४ बिटांत ती तोडून लिहावी लागे आणि थोडी चूक राहून जाई. यंत्रणा जितका वेळ सलग चालू, तितकी चूक वाढे. १०० तासांनंतर ती सुमारे ०.३४ सेकंद झाली. सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या स्कड क्षेपणास्त्राचा शोध त्यामुळे आकाशात ६८७ मीटर भलतीकडे घेतला जाऊ लागला. २५ फेब्रुवारी रोजी एक स्कड अडवले न जाता बराकीवर कोसळले आणि २८ सैनिक ठार झाले. ही चूक दुरुस्त केलेली आज्ञावली १६ फेब्रुवारीलाच पाठवण्यात आली होती. धाहरानला ती पोचली २६ तारखेला.

दुसरी घटना १ ऑगस्ट २०१२ ची. अमेरिकेतील नाइट कॅपिटल ही शेअर व्यवहार करणारी कंपनी. नवी आज्ञावली आठ संगणकांवर बसवायची होती. बसवली गेली सातांवर. आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला एक जुना भाग अजून शिल्लक होता, आणि नव्या आज्ञावलीने जी खूण वेगळ्या कामासाठी पुन्हा वापरली होती, तिचा अर्थ त्या जुन्या भागाला वेगळाच माहीत होता. आपल्या ६ आणि ७ ची हीच गोष्ट, फार मोठ्या प्रमाणावर. बाजार उघडताच आठवा संगणक अखंड सौदे करीत सुटला. दोष नव्या आज्ञावलीत असावा अशा समजुतीने ती सात संगणकांवरूनही काढून टाकण्यात आली, त्यामुळे तेही जुन्या वळणावर गेले. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे आणि ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा. आठही यंत्रांवर एकच फाइल आहे ना, हे दुसऱ्या कोणी पडताळून पाहण्याची पद्धत तिथे नव्हती.

बायनरीने आपले नाव सांगावे

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाच्या आतल्या पानावर प्रथमावृत्ती आणि पुनर्मुद्रणाचे साल छापलेले असते. वर्गात निम्म्या मुलांकडे जुनी आवृत्ती असली आणि पान क्रमांक जुळेनासे झाले, की शिक्षक आधी ते पान उघडायला सांगतात. बायनरीतही असे पान ठेवता येते. लिखाणाच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या 'गिट' या साधनात प्रत्येक आवृत्तीला वर सांगितल्यासारखाच एक ठसा असतो. लायनस टॉरवाल्ड्स यांनी हे साधन २००५ साली लिहिले. बांधणीच्या यादीने हा ठसा वाचून बायनरीत घालावा, आणि 'तू कोण?' असे विचारल्यावर बायनरीने तो छापावा. एकत्रित चाचणीने बेरजा तपासण्याआधी हा प्रश्न विचारायचा; उत्तर आत्ताच्या लिखाणाशी जुळले नाही तर पुढे जायचेच नाही. गुणपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात तो ठसा छापला तर सहा महिन्यांनी एखाद्या पालकाने बेरीज चुकल्याचे दाखवले, तेव्हा ती कोणत्या आवृत्तीने केली हे तत्काळ सांगता येते.

मात्र ठसा ज्या भागात छापला तो भाग ताजा आणि बेरजेचा भाग शिळा, असे होऊ शकते हे विसरू नये. म्हणून निकालासाठी वापरायची बायनरी रिकाम्या फोल्डरमध्ये, सगळे लिखाण नव्याने उतरवून, शून्यापासून बांधावी.

हे सर्व वर्गात करून पाहण्यासाठी जीसीसी असलेला कोणताही संगणक चालतो. सी भाषेची ओळख नसलेल्या विद्यार्थ्यांना मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठीतले पाठ उपयोगी पडतील. वर दिलेले तीन भाग लिहून घ्यावेत, ११ ते १७ या क्रमाने गुण भरावेत, आणि बेरजेची ऑब्जेक्ट फाइल मुद्दाम शिळी ठेवून ८१, १३२ … ४४१ ही उत्तरे खरोखर येतात का ते पाहावे. नंतर विषय सातवरून आठ करून बेरीज सातचीच ठेवावी. आता कोणत्या विद्यार्थ्याच्या नावावर पूर्णपणे दुसऱ्याचेच गुण लागतील, हे संगणक चालवण्याआधी कागदावर काढायला सांगावे.